लिव्हरच्या रुग्णासाठी वर्गणी काढताय? क्यूआर कोड टाकण्याआधी हे वाचा

"सोसायटीतल्या एकांना लिव्हर ट्रान्सप्लांट सांगितलंय. पोरं वर्गणी काढायला तयार आहेत. क्यूआर कोड कोणाचा टाकायचा?" "संस्थेला देणगी दिली, पावतीही आली, पण करात सवलत काही मिळाली नाही. असं का?" "पैसे द्यायची ऐपत नाही, पण रविवार मोकळा असतो. माझा काही उपयोग होईल का?" ओळखीपाळखीत कोणाला यकृताचा आजार निघाला की हेच प्रश्न आलटूनपालटून कानांवर येतात. बहुतेक घोळाचं मूळ एका ठिकाणी आहे. एका रुग्णाला मदत करणं आणि रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करणं, ही दोन कामं आपण एकाच हिशेबात धरतो. त्यांचा कायदा वेगळा, कर वेगळा आणि वेळेचं गणितही वेगळं.

त्यात घाई असते. खासगी रुग्णालयात ट्रान्सप्लांटचा खर्च साधारण २० ते ३० लाखांच्या घरात जातो. तो आकडा ऐकून घरचे हबकतात आणि मित्रमंडळी त्याच रात्री व्हॉट्सॲपवर आवाहन सोडून मोकळी होतात. ते एक-दोन दिवस थांबलं तर सहसा काही बिघडत नाही. तेवढ्यात खालची कामं उरकून घ्या.

कोणासाठी जमवताय, ते कागदावर लिहा

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

- थेट एका रुग्णासाठी. पैसा लवकर जमतो, कारण देणारा माणसाला ओळखतो. पण देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि जमवणाऱ्याच्या डोक्यावर हिशेबाची जबाबदारी राहते.
- संस्थेच्या कामासाठी. तपासणी शिबिरं, गरीब रुग्णांची औषधं, बाहेरगावच्या नातेवाइकांची राहण्याची सोय, समुपदेशन. इथे निधी हळू जमतो, पण वर्षानुवर्षं चालू शकतो.
- संस्थेमार्फत एका रुग्णासाठी. संस्था कागदपत्रं तपासते, पैसे आपल्या खात्यात घेते आणि रुग्णालयाला परस्पर चेक देते. संस्था तयार असेल तर मी कुणालाही हीच वाट सुचवेन. पैसे रुग्णाला मिळायला दोन-चार दिवस जास्त लागतात, एवढाच तोटा.

चौथी वाट बैठकीत हमखास कुणीतरी सुचवतं: "आपणच एक ट्रस्ट काढू." काढू नका. नोंदणी, पॅन, विश्वस्तांची सभा, दरवर्षीचं लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज, यात पहिल्या वर्षाचा उत्साह जिरून जातो. ज्या रुग्णासाठी तुम्ही एकत्र आलात त्याला त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. आधी एखाद्या चालत्या संस्थेत वर्षभर काम करा, मग हवं तर बघा.

वर्गणीच्या आधी हक्काचं मागा

लोकांपुढे हात पसरण्याआधी रुग्णाला कायद्याने आणि योजनेने काय मिळू शकतं ते पाहा. हे काम स्वयंसेवकाने करावं, कारण घरच्यांना त्या दिवसांत रांगेत उभं राहायला ना वेळ असतो ना त्राण.

- धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ एए खाली येणाऱ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. अनेक पंचतारांकित वाटणारी रुग्णालयंही या यादीत असतात. तिथे एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळी काढलेली असते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. नुसतं काउंटरवर विचारलंत तर "खाट शिल्लक नाही" एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. नकार आला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. कोणते उपचार आणि कोणती रुग्णालयं यादीत आहेत, हे बदलत असतं. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नका, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.
- मुख्यमंत्री सहायता निधी. यकृत प्रत्यारोपण त्याच्या यादीत आहे. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून रुग्णालय या निधीशी संलग्न असायला हवं. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. अर्ज उपचार सुरू असताना करा; बिल भरून घरी आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.
- हिपॅटायटिस बी आणि सी. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. तरीही या औषधांसाठी वर्गणी मागणारी आवाहनं फिरताना दिसतात.

हे सगळं मिळून खर्च पुरता भागत नाही, हे खरं. पण लोकांपुढे जाताना "एवढं सरकारी मिळालं, एवढं कुटुंबाने घातलं, एवढं कमी पडतंय" असं सांगता येतं, आणि तसं सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

अंदाजपत्रक मागताना एक गोष्ट बघा. घरातल्याच कुणी यकृताचा भाग द्यायचं ठरलं असेल, तर दात्याच्या तपासण्या, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या सक्तीच्या विश्रांतीत बुडणारा पगार त्या कागदावर असतोच असं नाही. शस्त्रक्रियेनंतर काही महिने रुग्णालयाजवळ भाड्याने राहणं आणि आयुष्यभर चालणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही त्यात नसतात. पहिल्या सहा महिन्यांचा हा खर्च वेगळा मांडा. नाहीतर शस्त्रक्रिया पार पडते, लोक टाळ्या वाजवून पांगतात आणि तिसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानात उधारी सुरू होते.

पैसे कोणाच्या खात्यावर घ्यायचे?

सगळ्यांत जास्त भांडणं इथे होतात, म्हणून जरा विस्ताराने.

कार्यकर्त्याच्या खात्यावर कधीही नाही. तुम्ही कितीही सचोटीचे असलात तरी. तुमचा पगार, घराचा हप्ता आणि वर्गणी एकाच पासबुकात आली की तीन महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही कुठला पैसा कुठला. शिवाय अनोळखी लोकांकडून छोट्या रकमा धडाधड येऊ लागल्या आणि त्यातला एखादा व्यवहार सायबर तक्रारीत सापडला, तर बँक खातं गोठवू शकते. मग वर्गणीही अडकते आणि तुमचा पगारही.

रुग्णाच्या खात्यावर घ्यायचे असतील तर करनियम समजून घ्या. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात आलेली भेट ५० हजारांच्या वर गेली, की वरची तेवढीच रक्कम नव्हे, ती सगळीच रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडून मिळालेल्या मदतीला हा नियम लागत नाही. संस्थेमार्फत जाण्याचा आग्रह मी धरतो, त्याचं हे मोठं कारण. खातं रुग्णाचंच वापरायचं असेल तर नवं उघडा, दुसऱ्या कशालाही वापरू नका आणि सीएचा सल्ला आधी घ्या, नोटीस आल्यावर नको.

रुग्णालयाच्या खात्यावर. मोठ्या देणग्यांसाठी ही सर्वांत स्वच्छ पद्धत. चेक किंवा ट्रान्सफर रुग्णालयाच्या नावे आणि सोबत रुग्णाचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक लिहायचा राहिला तर रक्कम कोणाच्या नावावर जमा करायची, हे शोधण्यात आठवडा जातो. जास्तीचे पैसे परत कोणाला मिळणार, हे बिलिंग विभागाकडून ईमेलवर लिहून घ्या.

क्राउडफंडिंगच्या मंचावर. मिलाप, केटो, इम्पॅक्ट गुरू ही त्यातली परिचित नावं. ओळखीच्या वर्तुळाबाहेर जायचं तर यांचा उपयोग होतो. मोहीम सुरू करण्याआधी चार गोष्टी विचारा: मंच किती टक्के कापणार, पेमेंटचं शुल्क वेगळं का, पैसे थेट रुग्णालयाला जातील का, आणि जाहिरात करून देण्याचे वेगळे पैसे पडतात का. देणगीदार म्हणून पैसे भरताना शेवटच्या पानावर मंचासाठी "टिप"ची रक्कम आधीच भरलेली दिसू शकते. ती शून्य करता येते का ते बघा. द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

रोख रक्कम टाळता आली तर टाळा. टाळता येत नसेल तर क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, मोजताना दोन माणसं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. कार्यक्रमात क्यूआर कोडचा फलक लावलात तर अधूनमधून स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव तपासा. वरून दुसरं स्टिकर चिकटवायला दहा सेकंद लागतात.

आवाहन कसं लिहाल

रडवणारं आवाहन चालतं असा समज आहे. ज्याला २० हजार द्यायचे असतात तो मात्र अश्रू बाजूला ठेवून कागद बघतो. हा एक नमुना:

"निगडीतील ४४ वर्षांच्या एका रिक्षाचालकांना डॉक्टरांनी यकृत प्रत्यारोपण सांगितले आहे. त्यांच्या पत्नी यकृताचा भाग देणार आहेत. रुग्णालयाचे अंदाजपत्रक २२ लाख रुपये. कुटुंबाने ५ लाख उभे केले आहेत, योजना आणि निधीतून ४ लाखांची मंजुरी मिळाली आहे. कमी पडतात १३ लाख. देणगी संस्थेच्या खात्यावरच द्यावी. रक्कम पूर्ण होताच किंवा ३० तारखेला आवाहन बंद होईल. रक्कम उरल्यास ती संस्थेच्या यकृत रुग्ण औषध निधीत जाईल. खात्री करायची असल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावे."

यात तारीख आहे, हे लक्षात घ्या. तारीख नसलेला मेसेज तीन वर्षं फिरत राहतो. माणूस बरा होऊन कामाला लागलेला असतो, किंवा गेलेला असतो, आणि कुणीतरी त्याच्या बायकोला फोन करून विचारतं, "अजून पैसे लागणार आहेत का?"

काही गोष्टी आवाहनात चुकूनही नकोत.

- "यकृतदाता हवा, योग्य मोबदला दिला जाईल." असं छापणं आणि पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे, आणि मोबदल्याची जाहिरातही त्यात येते. जिवंत दाता म्हणून नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. त्यापलीकडच्या दात्याला प्राधिकृत समितीची मंजुरी लागते. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात नाव नोंदवलं जातं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही केंद्रं आहेत. त्या यादीत नाव वर सरकवण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे.
- रिपोर्टचे पूर्ण फोटो. पत्ता, आधार क्रमांक, फोन नंबर झाका.
- नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या परवानगीशिवाय. परवानगी बायकोची किंवा मेव्हण्याची नव्हे, शुद्धीवर असेल तर त्याची. लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी हो म्हटलं तरी चेहरा टाळा. ते मूल उद्या शाळेत जाणार आहे आणि फोटो इंटरनेटवरून उतरत नाही.
- "दारू पीत नव्हता हो!" हे वाक्य सहानुभूतीसाठी घातलं जातं आणि जे पीत होते त्या सगळ्या रुग्णांना ते अपात्र ठरवून जातं. हिपॅटायटिस, फॅटी लिव्हर, विल्सनसारखे आनुवंशिक आजार, बाळांमध्ये जन्मतःच पित्तनलिका बंद असणं, अशी यकृत निकामी होण्याची कारणं पुष्कळ आहेत. आवाहनात कारण लिहिलंच पाहिजे असं नाही.

उरलेल्या पैशांचं काय?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तो अभद्र वाटतो. रुग्ण शस्त्रक्रियेआधीच गेला तर काय, याचं उत्तर मागणंच जिवावर येतं. पण यकृताच्या आजारात असं घडतं, आणि तेव्हा खात्यात आठ-नऊ लाख पडलेले असतात. एक गट म्हणतो, मुलांच्या शिक्षणाला द्या. दुसरा म्हणतो, देणाऱ्यांना परत करा. भाऊ म्हणतो, मी कर्ज काढलंय ते फेडू. त्या आठवड्यात घेतलेला कुठलाही निर्णय कुणाला तरी दुखावतोच.

म्हणून पहिला रुपया घेण्याआधी अर्ध्या पानाचा कागद करा. रक्कम उरली तर, उपचार बदलला तर आणि रुग्ण दगावला तर पैसे कुठे जातील, ते तीन ओळींत लिहा. खाली कुटुंबातल्या एकाची, जमवणाऱ्या दोघांची आणि संस्थेच्या प्रतिनिधीची सही. हेच वाक्य आवाहनात टाका, म्हणजे देणाऱ्याची संमती आपोआप मिळते. मुलांच्या शिक्षणासाठी वापरायचे असतील तर तसं आधीच लिहा. त्यात गैर काही नाही, गैर आहे ते नंतर ठरवणं.

मोहीम संपल्यावर महिन्याच्या आत एकपानी हिशेब सगळ्यांना पाठवा: जमा, खर्च, शिल्लक, बिलाची प्रत. देणगीदारांची नावं जाहीर करायची असतील तर रक्कम गाळा. शंभर रुपये देणाऱ्या मोलकरणीचं नाव दहा हजारवाल्याच्या खाली छापण्याची गरज नसते.

संस्थेसाठी निधी जमवणार असाल तर

आधी संस्था तपासा. धर्मादाय आयुक्तालयाचा नोंदणी क्रमांक, पॅन, आयकर खात्याची नोंदणी आणि गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद मागा. चांगली संस्था हे सगळं बिनदिक्कत पुढे ठेवते. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. त्यानंतर तुमच्या हाती संस्थेचं पत्र हवं: तुम्ही कोण, कशासाठी आणि कधीपर्यंत निधी जमवणार, पावती कोण देणार.

आता तो करसवलतीचा प्रश्न. पावती असूनही सवलत न मिळण्याचं कारण बहुधा यांपैकी एक असतं:

- देणगी व्यक्तीला दिली होती, संस्थेला नाही.
- जिला सारे "८०जी" म्हणतात ती मान्यता संस्थेला नव्हती किंवा तिची मुदत संपली होती.
- २ हजारांहून जास्त रक्कम रोख दिली.
- तुम्ही नवी करप्रणाली निवडली आहे, तिच्यात ही वजावट नाही.
- संस्थेने तुमचा पॅन नोंदवून आयकर खात्याला विवरण भरलं नाही. साधी पावती पुरत नाही, आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेकडून रीतसर देणगी प्रमाणपत्र यावं लागतं. तुमचा पॅन चुकला तरी ते येत नाही.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या पत्रकांवरचे उल्लेख जसेच्या तसे उचलू नका.

गणेश मंडळ, महिला मंडळ किंवा मित्रमंडळ नोंदणीकृत न्यास नसेल आणि धर्मादाय कामासाठी जाहीर वर्गणी काढणार असेल, तर वर आलेल्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. ती ऑनलाइन मिळते. चौकात डबे घेऊन उभं राहायचं तर स्थानिक पोलीस ठाण्यालाही कळवा.

कार्यक्रमांचं म्हणाल तर आपल्याकडे कल्पनांची वाण नाही. दिवाळी फराळाची विक्री, नाटकाचा एक प्रयोग विकत घेणं, रद्दी मोहीम, वाढदिवसाच्या भेटीऐवजी देणगी, यांतलं जे तुमच्या लोकांना जमतं ते करा. धावणाऱ्यांसाठी जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन आहे. युनायटेड वे मुंबई या भागीदार संस्थेकडे नोंदलेल्या संस्थांसाठी तिथे निधी जमवता येतो, पण तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू करावी लागते. दोन गोष्टी मात्र टाळा. एक, तिकिटं विकून लकी ड्रॉ. सरकारी परवानगीशिवाय अशी सोडत लॉटरीच्या कायद्यात अडकू शकते, मग बक्षीस मिक्सरचं असो की स्कूटरचं. दुसरी, मद्य कंपनीचं प्रायोजकत्व. लिव्हरच्या रुग्णांसाठीच्या स्नेहभोजनात कॉकटेलचा काउंटर लावण्याची सूचना गंभीर चेहऱ्याने करणारी माणसं असतात, म्हणून सांगायचं.

कंपनीचा सीएसआर निधी व्यक्तीला मिळत नाही. तो नोंदणीकृत संस्थेच्या उपक्रमाला मिळतो, त्यामुळे एका रुग्णासाठी कंपनीच्या पायऱ्या झिजवू नका. मात्र त्याच कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने वर्गणी काढली तर आडकाठी नसते.

परदेशातल्या मराठी मंडळींचा हात सढळ असतो, पण संस्थेने तो पैसा कोणाकडून घ्यायचा, याला नियम आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मात्र दप्तरी ठेवा. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी ठरते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचीही तशीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या विशिष्ट खात्यातच यावी लागते. "आधी घेऊ, मग बघू" हे इथे संस्थेला बुडवतं.

वेळ द्यायचा असेल तर

माझ्या मते यकृताच्या रुग्णाच्या घरी पैशाइतकीच माणसांची चणचण असते. विचार करा: नवरा रुग्ण, बायको दाता. दोघंही एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, मग दोघंही वेगवेगळ्या मजल्यांवर. घरी म्हातारी आई आणि दहावीतला मुलगा. औषधं आणायला खाली कोण जाणार, रक्त जमा करायच्या पावत्या कोण सांभाळणार, मुलाला क्लासहून कोण आणणार? इथे तुमचा रविवारच नव्हे, मंगळवारची संध्याकाळही सोन्याची.

- पाळीपत्रक करा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "गुरुवारी ४ ते ८ मी रुग्णालयात बसतो" असं म्हणा.
- कागदांची फाइल. तारखेप्रमाणे रिपोर्ट, बिलं, योजनांचे अर्ज. एक माणूस, एक फाइल.
- रक्त. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्तदान करता येतं. पुरुषांना ३ महिन्यांनी, स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा. सगळ्यांनी एकाच दिवशी धावू नका, रक्तपेढीला विचारून यादी करा.
- अवयवदानाचा प्रचार. ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन असतो. नोटो या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीने संकल्प नोंदवता येतो. लोकांना हेही सांगा की शेवटी संमती घरच्यांची लागते, म्हणून संकल्प घरी बोलून ठेवायला हवा.

डब्याबद्दल स्वतंत्रपणे. प्रेमाने दिलेला डबा इथे अपाय करू शकतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला बहुधा मीठ कमी सांगितलेलं असतं. म्हणजे वरणात मीठ कमी घालून शेजारी पापड आणि लोणचं ठेवायचं नाही. सैंधव हेही मीठच, त्यात सोडियम असतंच. बाजारातलं "लो सोडियम" मीठ त्याहून घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि या रुग्णांच्या काही औषधांनी ते आधीच वाढतं. डाळ, अंडी, पनीर बंद करा, असं शेजारी सांगतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रथिनं तोडू नका. रात्रभर उपाशी राहणं सिरोसिसच्या रुग्णाला झेपत नाही, म्हणून झोपण्याआधीचं खाणं विचारून डब्यात द्या. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला कच्ची मोड आलेली कडधान्यं, बाहेर कापलेली फळं, न उकळलेलं पाणी नको. आणि कोकणातून आलेलं पपनस तर नकोच: ग्रेपफ्रूटसारखंच ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी वाढवू शकतं. स्वयंपाक करण्याआधी आहारतज्ज्ञाचा कागद मागून घ्या आणि फ्रिजवर लावा.

रुग्णासोबत बसताना औषध सुचवायचं नाही. काढा नाही, गुळवेल नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. साधी वेदनाशामक गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर "बघू सकाळी" म्हणत थांबू नका, तडक इमर्जन्सीत न्या. तुम्हाला सर्दी-ताप असेल तर ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाकडे त्या आठवड्यात जाऊ नका, फोन करा. हिपॅटायटिस बी आणि सी एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने होत नाही, त्यामुळे रुग्णाचा पेला वेगळा ठेवण्याचं कारण नाही. रुग्णालयात नियमित काम करणार असाल तर हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस मात्र पूर्ण करून घ्या.

स्वयंसेवक म्हणून तुम्ही काय मागू शकता

- ओळखपत्र आणि कामाचं लेखी स्वरूप. "जे पडेल ते" हे कामाचं वर्णन नव्हे.
- सुरुवातीला प्रशिक्षण आणि अडचण आली तर फोन करायला एक ठरलेला माणूस.
- प्रवासासारखा खिशातून गेलेला खर्च. तो मिळणार की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.
- रुग्णाची वैयक्तिक माहिती तुम्ही बाहेर सांगणार नाही, तशीच तुमचीही संस्थेने तुम्हाला न विचारता वापरू नये.
- नाही म्हणण्याची मुभा. ज्या रुग्णासोबत महिनाभर बसलात तो गेला, तर पुढचा रुग्ण लगेच घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. चांगल्या संस्था अशा वेळी स्वयंसेवकाला काही आठवडे कार्यालयातलं काम देतात. ते मिळत नसेल तर मागून घ्या.